सिस्टरचा अभंग



एरवी मी तुमच्याशी कपाशी, मका आणि अद्रक यांवर बोलतो. आज मात्र आमच्या देवगाव रंगारीच्या भजनी मंडळाची एक गोष्ट सांगायची आहे.

माझे चुलते तात्या फौजेत होते. १९७१ च्या युद्धात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला. कित्येक आठवडे ते लष्करी इस्पितळात पडून होते. रात्री ठणका लागला की पांघरुणात तोंड घालून अभंग म्हणायचे. रात्रपाळीची सिस्टर केरळची. तिला मराठी येत नव्हते, पण तिने त्यांना कधी गप्प केले नाही. मोडक्या हिंदीत "हळू म्हणा, भाऊ," एवढेच म्हणायची आणि उशाशी उभी राहायची. पुढे पुण्याच्या कृत्रिम अवयव केंद्रात त्यांना नवा पाय बसवला. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, लष्कराने हे केंद्र काढले होते. तात्या म्हणत, "पाय पुण्यानं दिला, पण जगायची उमेद सिस्टरनं दिली. तिचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं."

त्या पायावर तात्यांनी चाळीस वर्षे शेती केली. दर एकादशीला भजनात पसायदानाआधी एक अभंग 'सिस्टरसाठी' व्हायचा. सगळे टाळकरी उभे राहून म्हणायचे. आम्ही पोरे हसायचो.

पुढे २००९ साली एका टाळकऱ्याच्या मुलीने नर्सिंगला जायचे काढले. बाप म्हणाला, "लोकांची घाण काढायला लेक पाठवू का? अन् रात्रपाळी?" तात्या काही बोलले नाहीत. सिस्टरच्या अभंगाची वेळ आली तेव्हा त्यांनी आपल्या गळ्यातली वीणा त्याच्या गळ्यात घातली. म्हणाले, "आज तू सांग." त्याला पहिले चरणच म्हणवेना. दुसऱ्या दिवशी तो प्रवेशाचा अर्ज विचारायला माझ्याकडे आला. कपाशीच्या पैशांतून फी भरली.

तात्या २०१४ मध्ये गेले. २०२० साली कोरोनात भजन बंद होते आणि ती मुलगी कोरोनाच्या वॉर्डात ड्यूटीवर होती. बाप एकटाच ओट्यावर बसून तो अभंग म्हणायचा.

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला ठाऊक आहेत. १९३८ साली ते जखमी सैनिकांच्या सेवेसाठी चीनला गेले. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये चित्रपट काढला. पण तिथे युद्धकाळात परिचर्या शिकवणारी त्यांची पत्नी गुओ छिंगलान आपल्यापैकी किती जणांना आठवते? लढणाऱ्यांचे पोवाडे आपण गातो, त्यांना उठवून बसवणारे हात मात्र विसरतो.

आज लष्कराच्या परिचर्या सेवेत जाणारी मुलगी अधिकारी म्हणूनच रुजू होते. तुमची लेक असे काही म्हणाली तर लगेच नाही म्हणू नका. आणि येत्या सप्ताहात पसायदानाआधी एक अभंग सिस्टरसाठी म्हणा. आमच्याकडे अजून म्हणतात.