गळ्याचे थर

लायपोसक्शननं डबल चिन गेली, पण गळा बिघडला. हनुवटीखाली मधोमध खळगा पडला आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन उभ्या दोऱ्या ताणल्यासारख्या दिसू लागल्या. गप्प असताना कमी, बोलताना ठळक; आणि माझं तर कामच निवेदनाचं. हनुवटी जरा पुढे दिसावी म्हणून फिलरही भरलं होतं, त्याचा एका बाजूला टणक गोळा हाताला लागायचा. ज्या क्लिनिकमध्ये हे झालं तिथे पुन्हा गेले, तर म्हणाले, ‘‘थोडी चरबी राहिलीय मॅडम, अजून एक सिटिंग करू.’’

ताई म्हणाली, ‘‘अगं, कशाला पुन्हा हात लावायचा? आहे ते बरं आहे.’’ तिची काळजी खरी होती. पण हौसेनं करून घेतलेल्या उपचाराचं दुखणं हे दुखणंच नव्हे, असं मानायला मी तयार नव्हते. आजही नाही.

मग पुण्यातल्या एका प्लास्टिक सर्जनकडे गेले. एम.सीएच. झालेल्या, चेहऱ्याच्या फेरशस्त्रक्रिया नियमित करणाऱ्या. त्यांनी मशीन वगैरे काही काढलं नाही. मला दात आवळून खालचा ओठ खाली ताणायला सांगितलं आणि गळ्याची कातडी चिमटीत धरली. मग ‘‘आता सैल सोडा’’ म्हणून पुन्हा धरली. मान खाली घालायला लावली, बाजूनं फोटो काढले, जबड्याच्या कडेखाली बोटांनी चाचपलं. स्नायू ताणल्यावर चिमटीत येते ती वरची चरबी. तेव्हा हाताला लागत नाही पण फुगवटा तर दिसतो, तो बहुधा स्नायूखालचा. माझ्या चिमटीत जवळजवळ काहीच येत नव्हतं. म्हणजे आणखी चरबी काढली असती तर खळगा अजून खोल गेला असता.

गळ्यावर प्लॅटिस्मा नावाचा पातळ, रुंद स्नायू पसरलेला असतो. अनेकांत त्याच्या दोन कडा मध्यभागी सुट्या असतात. वरची चरबी प्रमाणाबाहेर काढली की त्या कडा उघड्या पडतात. कडेला जो फुगवटा मला चरबी वाटत होता, ती जबड्याखालची लाळग्रंथी निघाली. तिथे लायपोसक्शनचा काही उपयोग नसतो.

मग पर्यायांवर बोलणं झालं. दोऱ्यांवर बोटॉक्स देता येतं, पण त्याचा परिणाम साधारण तीन-चार महिने टिकतो आणि खळगा तसाच राहतो. खळग्यात स्वतःचीच चरबी भरता येते, मात्र तिचा काही भाग शरीर शोषून घेतं. कातडी फार सैल असेल तर कानामागून छेद देऊन नेकलिफ्ट. चरबी विरघळवणारी डीऑक्सिकोलिक ॲसिडची इंजेक्शनं अमेरिकेच्या एफडीएनं 2015 मध्ये मंजूर केली. पण ती चरबी कमी करतात, आणि माझ्याकडे आता कमी करायला काही उरलं नव्हतं. चरबी गोठवणाऱ्या उपचारानंतर तिथली चरबी उलट वाढल्याचं लिंडा इव्हँजेलिस्टा या मॉडेलनं 2021 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं. तो मात्र वेगळाच बिघाड. त्याला बहुधा शस्त्रक्रियाच लागते.

फिलरचा प्रश्न आधी सोडवायचा होता. ते हायल्युरॉनिक ॲसिडचं असेल तरच हायल्युरोनिडेज टोचून विरघळवता येतं. कॅल्शियमचं असेल तर हा उपाय चालत नाही. मला नेमकं काय टोचलंय ते माहीत नव्हतं. क्लिनिकला लेखी अर्ज दिला. रुग्णानं मागितल्यावर 72 तासांत नोंदी द्याव्यात, असं वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमांतच आहे. फाइल आली, आत फिलरच्या खोक्यावरचं बॅच नंबरचं स्टिकर चिकटवलेलं होतं. त्या एका स्टिकरवर पुढचं सगळं ठरलं: फिलर हायल्युरॉनिक ॲसिडचंच निघालं. इंजेक्शनआधी डॉक्टरांनी विचारलं, ‘‘मधमाशी चावून कधी अंग सुजलं होतं?’’ कारण तशी ॲलर्जी असेल तर हे औषध जपून द्यावं लागतं. गोळा दोन-तीन दिवसांत विरला.

दोऱ्यांसाठी स्नायूच्या कडा शिवायचं ठरलं, पण त्या शस्त्रक्रियेसाठी थांबावं लागलं. आतले व्रण मऊ पडायला सहा महिने ते वर्षही लागतं, आणि त्याआधी कापलं तर थर एकमेकांपासून नीट सुटत नाहीत. हे थांबणं मला जड गेलं. त्या काळात कार्यक्रमांना बंद गळ्याचे ब्लाउज घालून जायची आणि उजेड कुठून येतोय ते आधी बघून ठेवायची.

मग हनुवटीखाली लहानसा छेद देऊन प्लॅटिस्माच्या दोन्ही कडा मध्यभागी शिवल्या आणि बाजूची थोडी चरबी सरकवून खळगा भरला. लाळग्रंथीला हात लावायचा नाही हे आम्ही दोघींनी आधीच ठरवलं होतं. त्यातली जोखीम मला नको होती. खर्च सगळा खिशातून. अशा शस्त्रक्रियेला विमा नसतो, वर 18 टक्के जीएसटी.

दोऱ्या गेल्या. खळग्याची डावी कड हात फिरवला की अजून लागते. छेदाजवळ थोडी बधिरता आहे, ती कमी होत चालली आहे. हनुवटीचं हाड मुळातच मागे आहे. ते कापून पुढे सरकवण्याची शस्त्रक्रिया किंवा इम्प्लांट, दोन्हींची माहिती डॉक्टरांनी दिली आहे. ताईचं म्हणणं, आता पुरे. मलाही सध्या तसंच वाटतं.