जात, जाती, जाई

जून महिन्यात एकच शब्द मी एकाच दिवशी दोनदा लिहितो. सकाळी दाखल-खारीज रजिस्टरात, नव्या लेकराच्या नावापुढच्या रकान्यात: जात. दुपारी फळ्यावर, सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती अशा पायऱ्या उतरून अगदी तळाशी: जाती. तिथं खडू टेकला की वर्गातली कुजबूज थांबते. पाठमोरा असलो तरी मला ते कळतं.

वर्तमानपत्रांनी हा शब्द कधीच बाजूला सारला. जायकवाडीवर पक्ष्यांच्या इतक्या ‘प्रजाती’ दिसल्या, असं छापून येतं. म्हणायचं असतं जाती, म्हणजे स्पीशीज. मराठी विश्वकोशात आणि आमच्या पाठ्यपुस्तकात प्रजाती म्हणजे जीनस, अनेक जाती पोटात घेणारी वरची पायरी. हिंदीत स्पीशीजला प्रजाति आणि जीनसला वंश म्हणतात. आपण हिंदीतला एक शब्द उचलला आणि दुसरा तिथंच राहू दिला. मग जीनसला काय म्हणायचं? या प्रश्नानं मला खरोखर वाईट वाटतं. जुळवलेली पायरीच निखळते.

आमच्या छत्रपती संभाजीनगरातल्या पाणचक्कीच्या हौदाशेजारी मोठा वड आहे. त्याच्याखाली उभं राहून मी मुलांना सांगतो, हा फायकस बेंगालेन्सिस. आपल्या गल्लीतला पिंपळ फायकस रिलिजिओसा, विहिरीवरचा उंबर फायकस रेसिमोसा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनीअसनं 1753 साली ही तिन्ही नावं छापली. फायकस हे तिघांचं सामाईक नाव, ती प्रजाती. दोन्ही शब्द मिळून होते ती जाती.

पिकलेलं उंबर मी हातानं फोडून दाखवतो. आत लालसर गर, त्याला आतून चिकटलेली शेकडो बारीक फुलं (उंबराचं फूल दिसत नाही म्हणतात, ते असं घरात दडलेलं असतं), आणि त्यातून भुरकन उडणारी केंबरं. ही केंबरं म्हणजे इवल्या गांधीलमाश्या. उंबराचं परागीभवन करणारी निराळी, वडाची निराळी, पिंपळाची निराळी. तिळाएवढाही नसलेला तो जीव आपलं झाड ओळखून नेमका त्याच्याच फळात शिरतो. पुस्तकातली व्याख्या पाठ नसलेल्या मुलालाही तेवढ्यात जाती म्हणजे काय ते उमगतं.

बाजारात मात्र ‘कोणत्या जातीचा आंबा?’ असं विचारतात. केसर, हापूस, लंगडा. सगळे मँजिफेरा इंडिका, एकाच जातीचे वाण.

नागसेनवनावरून जाताना मला बाबासाहेब आठवतात. 1950 साली त्यांनी याच शहरात महाविद्यालय सुरू केलं. त्याच्या आधी, 1936 साली, लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी त्यांनी भाषण लिहिलं. परिषद रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते स्वतः छापलं. त्यात ते जीवशास्त्राकडे वळतात. माणसाचे वेगवेगळे वंश मानले तरी त्या निरनिराळ्या जाती ठरत नाहीत, ते एकाच जातीचे प्रकार. त्यांच्यात संतती होते आणि त्या संततीलाही संतती होते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. रजिस्टरातल्या शब्दाला फळ्यावरच्या शब्दानं दिलेलं हे उत्तर आहे. म्हणून ‘जाती’ऐवजी ‘प्रजाती’ म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्या शब्दानं हे उत्तर देता येतं, तोच आपण का टाकायचा?

आणि शब्द तरी किती जुना, किती कोवळा! जन्, जन्मणं, यातून जाती. लॅटिनमधला जीनसही त्याच मुळाचा. संस्कृतात जाती हे वेलीचंही नाव; तीच आपल्या अंगणातली जाई. जातीफलाचं जायफळ झालं.

परवा फळ्यावर फायकसखाली वड, पिंपळ, उंबर, अंजीर अशी नावं लिहिली. शेजारी होमो लिहून त्याखाली एकच नाव: सेपियन्स. मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “सर, याला भावंडंच नाहीत?”

“होती,” मी म्हणालो, “निअँडरथल होता, आणखीही होते. आज कुणी उरलं नाही.”

तिनं वहीत सेपियन्सच्या खाली बरीच जागा मोकळी सोडली.