पाठीवर उमटलेलं उत्तर

ॲलर्जी कशाची ते शोधायला संशयित द्रव्यं पट्टीखाली पाठीवर चिकटवतात, ती पॅच टेस्ट डोळ्यांइतकीच बोटांनी वाचावी लागते. पट्टी काढल्यावर लाल गोल दिसतो. तो नुसता लाल आहे की खालची कातडी दाटून वर आली आहे, हे बोट फिरवल्याशिवाय कळत नाही. कड रेखीव असेल आणि डाग लवकर फिका पडला, तर द्रव्याने नुसती आग केलेली असते. ॲलर्जीचा डाग खाजतो, कडेबाहेर पसरतो, बहुधा वाढतो. म्हणून 48 तासांनी पट्टी काढली तरी 96 तासांनी मी पुन्हा बोलावते. एसटीचं दुहेरी भाडं आणि बुडालेला रोज रुग्णाला जड जातो, तरी या दुसऱ्या खेपेवर मी अडून बसते.

शेतकऱ्यांच्या बाबतीत ॲलर्जीच्या कारणाचा शोध पुष्कळदा गाजर गवतापाशी थांबतो. 1950च्या दशकात पुण्याच्या परिसरात नजरेत भरलेलं हे गवत आता बांधाबांधावर आहे. त्यातल्या पार्थेनिन या ॲलर्जी आणणाऱ्या द्रव्याचा रेणुभार जेमतेम 262. इतका लहान रेणू एकटा असेल तर प्रतिकारशक्ती त्याची दखलच घेत नाही. पण तो त्वचेतल्या प्रथिनांच्या गंधकाला पक्का जोडला जातो आणि आपलंच प्रथिन शरीराला परकं वाटू लागतं. वाहक मिळाल्यावरच प्रतिकारशक्तीला जागं करणारे असे रेणू म्हणजे हॅप्टेन. कार्ल लॅन्डस्टायनर आणि जॉन जेकब्स यांनी 1930च्या दशकात गिनीपिगच्या कातडीवर साधी रसायनं वापरून हे नातं उलगडलं. पाठीवर संशयित द्रव्याची चिमुकली डबी चिकटवताना मला त्या प्रयोगांची हटकून आठवण येते.

“जन्मभर हेच गवत उपटतोय बाई, आत्ताच कसं बाधलं?” हा प्रश्न अगदी रास्त आहे. सुरुवातीचे संपर्क निमूट जातात, कधीकधी वर्षानुवर्षं. एकदा प्रतिकारशक्तीच्या टी पेशींनी ओळख धरली, की ती सहसा पुसली जात नाही. मग वाळल्या गवताची धूळही पुरते. पापण्या, मान, कोपराची लवण पेटून उठते.

अंग असं पेटलेलं असताना टेस्ट करू नये. पाठ कोरी हवी. भर उन्हाळ्यातही मी टाळते, घामाने पट्ट्या सुटतात.

‘गवतापासून दूर राहा’ एवढं चिठ्ठीवर लिहून शेतकऱ्याचं भागत नाही. म्हणून निकाल सांगताना घरच्यांनाही समोर बसवते. फुलावर येण्याआधी गवत कोणी उपटायचं, रानातले कपडे कुठे उतरवायचे, ते कोणी धुवायचे, हे तिथेच ठरवून घेते.