पसंद्यांचा कसाई

आमच्या घरात मटणाचे दोनच प्रकार, ‘लहानाचं’ आणि ‘मोठ्याचं’. लहानाचं म्हणजे बोकडाचं, ते पाहुणे आले की. एरवी खिशाला परवडतं ते मोठ्याचं. राज्यात गाय 1976 च्या कायद्यानेच बंद होती, मार्च 2015 पासून बैल आणि वळूही बंद झाले. तेव्हा मोठ्याचं म्हणजे आता म्हशीचं किंवा रेड्याचं, एवढंच.

भाचा जर्मनीत नोकरीला आहे. गेल्या डिसेंबरात सुट्टीवर आला आणि म्हणाला, ‘मामू, एकदा स्टेक करू या.’ आमच्या नेहमीच्या दुकानात त्याने दोन बोटं जाडीचे सलग तुकडे मागितले. दुकानदाराने मान डोलावली आणि सवयीने खटाखट बोट्या करून पिशवीत टाकल्या. भाचा हसला, पण मला चुटपूट लागली. आमच्याकडे पसंदे होतात की! ते कापणारा कोणी तरी असणारच.

आपल्याकडे हे मांस स्टेकला अवघड जातं, त्याला कारण आहे. म्हैस कापायची तर ती दूध, वीण किंवा कामाला परवडत नाही असा दाखला लागतो. म्हणजे दुकानात येणारं जनावर बहुधा वय झालेलंच. त्यात ते पहाटे कापलं जातं आणि दुपारपर्यंत संपतं. कापल्यावर काही तासांत मांस आखडतं आणि पुन्हा सैल पडायला त्याला थंडीत वेळ लागतो. युरोपात ते दोन-तीन आठवडे थंड खोलीत ठेवतात. आपण कच्ची पपई चोळतो आणि कुकरला लावतो.

मी कोंढव्यात चार-पाच दुकानं फिरलो. तराजू, फरशी, माशा हे सगळे बघतातच. मी नुसतं ‘पसंद्यांचं द्या’ म्हणायचो आणि सुरा कुठे जातो ते बघायचो. बहुतेकांचा हात समोर जे लटकलंय त्याकडे जायचा. एका म्हाताऱ्या चाचांनी सुरा खाली ठेवला आणि विचारलं, ‘तलना है या पकाना है?’ तिथेच मी थांबलो. तळायचं म्हटल्यावर ते म्हणाले, ‘आज का माल बुड्ढा है. खिमा ले जाओ.’ गिऱ्हाईक दारात उभं असताना असं सांगणारा दुकानदार मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

तिसऱ्या खेपेला त्यांनी अंडरकट दिला. पाठीच्या कण्याच्या आतल्या बाजूची ही लांब पट्टी. तिला फारसं कामच नसतं, म्हणून ती मऊ. एका जनावरात ती थोडीच निघते आणि हॉटेलवाले आधीच सांगून ठेवतात. चाचांनी चिंचेच्या ओंडक्यावर तिचा पांढरा चिवट पापुद्रा सुऱ्याच्या टोकाने सोलला, चरबी मात्र राहू दिली. म्हशीची चरबी पांढरीशुभ्र असते, गायीसारखी पिवळट नाही. मग धाग्यांना आडवे काप. ‘दो दिन फ्रिज में, बाद में तवा.’

तसंच केलं. लोखंडी तवा धूर निघेपर्यंत तापवला. भाच्याने आपला तुकडा आत गुलाबी ठेवला. अम्मीने ताटात लाल पाणी बघून नाक मुरडलं. ते रक्त नाही, स्नायूतला रंग आहे, हे त्याने दोनदा समजावलं. तिने ऐकून घेतलं आणि आपला तुकडा परत तव्यावर टाकला.

पावती मी मागितली नव्हती. चाचांनीच पिशवीत घातली, मांसावर नको म्हणून वेगळ्या कागदात गुंडाळून. ‘घर तक संभाल के रखना.’ वडील याच दुकानांतून उघड्या टोपलीत मटण आणायचे, वर केळीचं पान. आता काळी पिशवी, तिच्यात दुसरी काळी पिशवी, आणि बाजूला कागद.

चाचांचा मुलगा घरोघरी पार्सलं पोचवतो. दुकानात बसत नाही आणि चाचाही त्याला बसवत नाहीत. सगळे कागद असूनही गाड्या रस्त्यात अडतात, व्यापारी यायला घाबरतात, आठवड्यातून एखाद-दुसरा दिवस ओंडका कोरडाच असतो. परवा सकाळी त्यांचा फोन आला. गाडी आली नव्हती. ‘शनिवार को आना सर, अंडरकट रखता हूं.’