रानाची साक्ष

‘जंगलातसुद्धा वरचे-खालचे असतेच,’ हे वाक्य वसतिगृह सोडून जगात वावरू लागल्यावर आम्ही अनेकदा ऐकले. बोलणारा सहज बोलून जातो; ऐकणाऱ्याच्या मनात मात्र पिढ्यांचे शल्य हलते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने आम्ही रानालाच साक्षीस बोलावतो.

नागपूरच्या वायव्येस असलेले गोरेवाड्याचे रान शुष्क पानझडीचे. वर साग-धावड्याचे छत्र, मध्ये तेंदू, त्याखाली झुडपे, तळाशी गवत. थर आहेत खरे. पण ते उजेडाच्या वाटणीचे आहेत, जन्माचे नव्हेत. सर्वांत उंच सागही एके काळी गवतात लपलेले रोपच होता. उन्हाळ्यात त्याची पाने गळतात, ऊन जमिनीपर्यंत पोहोचते. वाळवी व बुरशी त्या पानांची माती करतात आणि त्याच मातीवर साग पोसला जातो.

शिवाय ही रचना कायमची नाही. शेत पडीत राहिले की आधी तरोटा व गवत येते, मग बोर आणि पळस. बोरे खाणारे पक्षी व कोल्हे नवी बीजे आणतात आणि हळूहळू रान उभे राहते. शास्त्रात यास अनुक्रमण म्हणतात. अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ मध्ये अशा समुदायाला जणू एक देहच मानले. त्याची वाढ ठरलेल्या अंतिम अवस्थेकडे होते, असे त्यांचे मत. १९२६ मध्ये हेन्री ग्लीसन यांनी ते नाकारले. प्रत्येक जात आपल्या गरजेनुसार येते-जाते. समुदाय म्हणजे त्या स्थळकाळातील सहवास, असे त्यांनी मांडले. पुढील अभ्यासाचा कौल बराचसा ग्लीसन यांच्याकडे झुकला.

समाजालाही देह कल्पून कोणास मुख, कोणास पाय ठरविणाऱ्या पुरुषसूक्ताची चिकित्सा बाबासाहेबांनी १९४६ च्या ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या ग्रंथात केली, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

तरीही रान म्हणजे समतेचा आदर्श नव्हे. परदेशातून आलेली घाणेरी माजली की खालची रोपे दडपून टाकते. न्याय-अन्याय हे शब्द रानाला ठाऊक नाहीत. म्हणून विषमतेसाठी निसर्गाची साक्ष काढणाऱ्यास आपल्या मुलांनी शांतपणे सांगावे, की रान असे काही म्हणत नाही. समताही ते आयती देणार नाही. ती माणसांनीच घडवायची आहे.