लेण्यांसमोरची वक्तृत्व स्पर्धा

माघ पौर्णिमा सरली, मोहर गळून कैऱ्या धरू लागल्या आणि पश्चिमेच्या डोंगरांवर पळस फुलला, की आमच्या शाळेत स्पर्धांचे दिवस सुरू होतात. 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, दुसऱ्याच दिवशी विज्ञान दिन, 10 मार्चला सावित्रीमाईंचा स्मृतिदिन, 20 मार्चला चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचे स्मरण आणि पाठोपाठ 11 व 14 एप्रिल. एवढ्या तारखांच्या गर्दीत वार्षिक परीक्षा कशीबशी अंग चोरून बसते, असे आमचे गणिताचे सहकारी म्हणतात. कबड्डी, खो-खो, लेझीम, हस्ताक्षर, भीमगीत गायन यांचे वृत्त या स्मरणिकेत अन्यत्र आहेच. आम्हांला येथे एकाच स्पर्धेविषयी लिहावयाचे आहे. कारण तिच्यावरून शिक्षकखोलीत जेवढा वाद झाला, तेवढा दुसऱ्या कोणत्याही कार्यक्रमावरून झाला नाही.

वक्तृत्व स्पर्धेचा रूढ साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. भाषण शिक्षक लिहितात, विद्यार्थी पाठ करतो, हातवारे आरशासमोर बसवले जातात आणि जो मोठ्याने बोलतो त्याला ढाल मिळते. वास्तविक आमच्या भागातील मुलांना आवाज शिकवावा लागत नाही. चैत्रातल्या यात्रांसाठी नारायणगावला तमाशाच्या राहुट्या लागतात, गावोगावची मंडळी सुपारी द्यायला येतात. विठाबाईंनी आपल्या नावात वागवले ते हेच गाव. अशा परिसरातील मूल व्यासपीठावर गेले की खणखणीतच बोलते. प्रश्न आहे तो काय बोलते याचा.

जुन्नरभोवती तुळजा, मानमोडी, शिवनेरी आणि लेण्याद्री या डोंगरांत मिळून दीडशेहून अधिक लेणी आहेत. ही स्पर्धा सभागृहातून उचलून तेथे नेण्याचे आम्ही ठरवले. नियम थोडे ठेवले. प्रत्येकाने पाच मिनिटे बोलावे. बोटाने दाखवता येईल अशा एखाद्या गोष्टीपासून सुरुवात करावी, पण दगडाला हात लावू नये. डोळ्यांनी पाहिलेले कोणते, विद्वानांनी लावलेल्या वाचनावरून घेतलेले कोणते आणि आपण तर्काने जोडलेले कोणते, हे बोलतानाच स्पष्ट करावे. धम्माचे वर्णन ‘एहिपस्सिको’, म्हणजे ये आणि पाहा, असे केले जाते. आमच्या नियमांना याहून निराळा आधार नव्हता. सायंकाळच्या वंदनेनंतर काही आठवडे धम्मलिपीची अक्षरे गिरवून घेतली, इतकीच आमची मदत.

मुलांनी जे शोधले ते आम्हांला एम.ए.च्या वर्गात कोणी या रीतीने दाखवले नव्हते. एका मुलीने करंजाची झाडे लावण्यासाठी जमीन दान दिल्याचा लेख निवडला. चैत्रात करंज नव्या पालवीने चमकतो. दोन हजार वर्षांपूर्वी कोणाला तरी तो दानलेखात कोरावासा वाटला, याचेच तिला नवल. दुसरीने चिट नावाच्या यवनाने संघाला दिलेला ‘भोजनमटप’ घेतला. परदेशी म्हणून ओळखला जाणारा माणूस येथे येतो आणि भिक्षूंच्या जेवणाची सोय करतो, हे आमच्या भोजनगृहात रोज ताट घासणाऱ्या मुलांना फार जवळचे वाटले. आंबेगावच्या आदिवासी पट्ट्यातील, हिरडा वेचणाऱ्या घरातली एक मुलगी नाणेघाटावर बोलली. नागनिकेच्या लेखात यज्ञांच्या दक्षिणेचे, गायींचे आणि कार्षापणांचे आकडे आहेत. जुन्नरच्या लेण्यांत मात्र धान्य विकणाऱ्यांची श्रेणी सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके देते. दोन्ही लेख तिने शेजारी ठेवले आणि निष्कर्ष काढण्याचे काम ऐकणाऱ्यांवर सोडले.

लेण्याद्रीला सहाव्या लेण्यातील चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत याचे दान आहे. शेजारचे सातवे लेणे हा भिक्षूंचा विहार. तेथे आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज पूजेत आहे. सुमारे तीनशे पायऱ्या चढून बहुतेक लोक तेवढ्यासाठीच येतात. तेथे आठवीतल्या एका मुलाने हळूच विचारले, “सर, आमची आजी दर चतुर्थीला इथे येते. मग तिचं चुकतं का?” इतिहास आजीला दोषी ठरवण्यासाठी नसतो, असे आम्ही त्याला सांगितले आणि खोल्या मोजायला लावल्या. त्याने वीस मोजल्या. मधल्या खांबविरहित दालनाकडे पाहून म्हणाला, “हे तर आपल्या वसतिगृहासारखंच आहे.” विहार या शब्दाची इतकी नेमकी फोड आम्ही फळ्यावर कधी लिहिली नसती.

आता वादाविषयी. नववीतल्या एका मुलाने ‘ही लेणी आमची’ असे गर्जून सांगणारे भाषण केले. टाळ्या पडल्या, परगावाहून आलेल्या परीक्षकांचे डोळे पाणावले. त्याच्यानंतर उभा राहिला तो बुरूडकाम करणाऱ्या घरातला मुलगा. एका लेखात दानाचे उत्पन्न बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. तो म्हणाला, “लोक आमच्याकडे टोपल्या, सुपं घ्यायला येतात. ठेव ठेवायला कधी कोणी आलेलं नाही.” क्षणभर थांबून पुढे म्हणाला, “ते वसकार म्हणजे आमचेच पूर्वज, असं मला सिद्ध करता येत नाही. हा माझा तर्क आहे.”

आम्ही पहिला क्रमांक त्याला दिला. सहकाऱ्यांपैकी काहींचा संताप झाला, आणि त्यांचे म्हणणे हलके नव्हते. ज्यांचा इतिहास पुसला त्यांच्याच लेकरांकडे पुरावा मागायचा? पुसणाऱ्यांनी कोणता पुरावा दिला होता? मुलांना आधी अभिमान हवा, तळटीपा नंतर. आम्ही त्यांना बाबासाहेबांच्या 1948 सालच्या ‘द अनटचेबल्स’ची प्रस्तावना वाचून दाखवली. तुटलेले दुवे तर्काने व कल्पनेने जोडण्याचा इतिहासकाराचा अधिकार बाबासाहेब तेथे ठामपणे सांगतात. पण तर्क हा तर्क आहे, हे लपवत नाहीत. बुरूडाच्या मुलाने नेमके हेच केले होते, तेही प्रस्तावना न वाचता. शिवाय उद्या हे मूल कोणा प्रतिपक्षासमोर उभे राहील, तेव्हा टाळ्या उपयोगी पडणार नाहीत.

वाद मिटला असे म्हणवत नाही. तडजोड एवढीच झाली की 14 एप्रिलला सभागृहात जुन्या पद्धतीची स्पर्धाही होईल. तिच्यात नववीतला तो मुलगा पहिला आला, आणि चांगला बोलला.

दोन्ही ठिकाणी ढाली मात्र आम्ही बंद केल्या. विद्यार्थिदशेतील भीमरावांना सत्कारप्रसंगी कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. त्या एका पुस्तकाने पुढे काय घडवले, ते या स्मरणिकेच्या वाचकांना सांगावयास नको. बक्षीस म्हणून पुस्तकच द्यावे, यावर शिक्षकखोलीचे एकमत झाले. बुरूडाच्या मुलाचे वडील समारंभास येऊ शकले नाहीत. लग्नसराई होती, आणि सुपे-परड्यांची मागणी वर्षातून याच दिवसांत असते.

या वर्षी तुळजा लेण्यांची पाळी आहे. तेथील चैत्यगृह वर्तुळाकार आहे आणि स्तूपाभोवती बारा खांब आहेत. त्यासाठी नावे दिलेल्यांत चतुर्थीवाल्या आजीचा नातू आहे. आजीलाही गाडीत जागा मिळेल का, असे त्याने विचारले आहे.