दोन पाउंड कमी

चांगल्यातली बॅडमिंटन रॅकेट दुकानात बहुधा गटिंगविनाच, म्हणजे तारा न विणताच, टांगलेली असते. रंग असतो, कंपनीचं नाव असतं, बारीक अक्षरांत छापलेले वजनाचे नि तारेच्या ताणाचे, म्हणजे पाउंडांचे, आकडे असतात. आणि ज्या जागेने शटल मारायचं, तेवढी जागा मोकळी. गिऱ्हाईक ती हातात घेतं, हवेत दोन-चार फटके मारून बघतं, तोल आवडला की हजारो रुपये मोजतं, आणि तारेचा विषय आला की निघता निघता सांगतं, "चांगली कुठलीतरी टाका, २६ वर करा." हा क्रम उलटा आहे, असं मला ठामपणे वाटतं. चौकट शटलला लागत नाही. लागली तर तो फटका फसलेला असतो. टेनिसमध्ये चेंडू आणि रॅकेट यांची भेट सेकंदाच्या दोनशेव्या भागाएवढी असते, बॅडमिंटनमध्ये त्याहूनही कमी, आणि त्या भेटीत खेळाडूच्या वतीने हजर असते ती फक्त तार. म्हणून निवड तारेपासून सुरू व्हावी. आणि हौशी खेळाडूने मनात येतात त्यापेक्षा कमी पाउंड मागावेत.

यातली दुसरी गोष्ट पटकन पटत नाही. कडक ताणलेल्या तारेवरून चेंडू जोरात सुटेल, असं कुणालाही वाटतं. घडतं नेमकं उलट. टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटर उंचीवरून कठीण जमिनीवर सोडला, तर नियमाप्रमाणे तो १३५ ते १४७ सेंटिमीटरच उसळायला हवा. म्हणजे स्वतः चेपला जाण्यात चेंडू चाळीस टक्क्यांहून जास्त ऊर्जा घालवून बसतो. तार तशी नाही. ती दबते, आणि दबताना जे घेतलं त्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त परत देते. तेव्हा दबण्याचं काम चेंडूकडे जितकं कमी आणि तारेकडे जितकं जास्त, तितका फटक्यातला जोर शिल्लक राहतो. फार आवळून विणलेल्या बाजेवर अंग टाकलं तर मार अंगालाच बसतो. जरा सैल बाज अंग झेलते आणि वर उचलूनही देते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ हॉवर्ड ब्रॉडी यांनी १९७९ साली टेनिस रॅकेटच्या भौतिकशास्त्रावर निबंध लिहिला, पुढे सिडनीच्या रॉड क्रॉस यांनी प्रयोगांची भर घातली. दोघांच्याही मांडणीत हा मुद्दा पक्का आहे. वेगातला फरक तसा थोडा असतो, हे मान्य. पण सैल तारेवर भेट किंचित लांबते, चेंडू जरा वरच्या कोनातून सुटतो, खोल पडतो आणि हाताला बसणारा हिसका कमी होतो. रविवारी सकाळी खेळणाऱ्या माणसाला नेमकं हेच हवं असतं: शटल मागच्या रेषेपर्यंत पोचावं आणि सोमवारी खांदा दुखू नये.

तार खेळ किती बदलू शकते याचा सगळ्यात ठसठशीत पुरावा १९७७ सालचा आहे. जर्मनीतल्या वेर्नर फिशर यांनी गटिंगची एक अजब तऱ्हा काढली. उभ्या तारांचे दोन थर, ते आडव्या तारांत गुंफलेलेच नाहीत, मध्ये प्लास्टिकच्या नळ्या. या ‘स्पॅगेटी’ रॅकेटवरून सुटलेला चेंडू एवढा गरगरायचा की उसळी कुठे जाईल याचा अंदाजच लागेना. त्या वर्षी ऑक्टोबरात फ्रान्समधल्या एक्स-अँ-प्रोव्हान्सच्या अंतिम सामन्यात इली नस्तासे ती रॅकेट घेऊन उतरला. समोर गिलेर्मो विलास होता, क्ले कोर्टवर कित्येक महिने अजिंक्य असलेला. दोन सेट गमावल्यावर त्याने वैतागून सामनाच सोडला. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने ताबडतोब बंदी घातली आणि १९७८ मध्ये रॅकेट म्हणजे काय याची व्याख्या पहिल्यांदाच नियमात लिहिली. तारा एकमेकींत गुंफलेल्या किंवा जिथे छेदतात तिथे जोडलेल्या हव्यात, हे त्यात आलं. लाकडाची चौकट जाऊन धातूची आली तेव्हा हे घडलं नव्हतं. तारांची वीण बदलली तेव्हा घडलं. पुढे १९९७ साली जागतिक क्रमवारीत ६६ वा असलेला ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तन फ्रेंच ओपन जिंकला, तो बेल्जियमच्या लक्झिलॉन कंपनीच्या पॉलिएस्टर तारेने. ही तार ताठ आणि गुळगुळीत असते. चेंडू घासला की उभ्या तारा बाजूला सरकतात, लगेच जागेवर परततात आणि परतताना चेंडूला जादा फिरकी देतात. आज टीव्हीवर दिसणारं टेनिस, बेसलाइनवरून जीव खाऊन मारलेला आणि तरीही आत पडणारा चेंडू, या सरकण्या-परतण्याशिवाय शक्य झालं नसतं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की मोठे खेळाडू तर कडक तारेनेच खेळतात. ब्यॉर्न बोर्ग लाकडी रॅकेटवर ८० पाउंडांच्या आसपास ताण ठेवायचा. पीट सॅम्प्रसचा ताणही सत्तरीच्या वर असायचा. आजचे बॅडमिंटनपटू २८, ३० आणि त्याच्याही वर जातात. खरं आहे. पण त्यांना तारेकडून जोर उसना घ्यायचा नसतो, तो त्यांच्या अंगात भरपूर असतो. सात्विकसाईराज रंकीरेड्डीने २०२३ साली ताशी ५६५ किलोमीटरचा स्मॅश नोंदवला, तो खांदा, मनगट आणि टायमिंग यांच्या मेळातून. असा खेळाडू शटल दर वेळी तारांच्या ऐन मध्यावर घेतो. ताण वाढला की चांगला फटका बसणारा हा मधला पट्टा आक्रसतो. त्याला फरक पडत नाही, आपल्याला पडतो. शिवाय त्यांच्या रॅकेटा सामन्यागणिक नव्याने गटिंग होऊन येतात. आणि अव्वल खेळाडूंत एकमत आहे असंही नाही. फ्रान्सचा आद्रियां मानारिनो तिशीच्याही खालच्या ताणावर वर्षानुवर्षं व्यावसायिक टेनिस खेळत आला आहे. फेडररने उभ्या तारा नैसर्गिक आतड्याच्या आणि आडव्या पॉलिएस्टरच्या ठेवल्या, मऊपणा आणि पकड दोन्ही साधण्यासाठी. विजेत्याची नक्कल करायचीच, तर त्याचा आकडा घेण्यापेक्षा त्याने आपल्या हाताचा केलेला विचार घ्यावा.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. ताण वाढला की नियंत्रण वाढतं, असं जाणते खेळाडूही सांगतात. ज्याचा फटका मुळातच लांब जातो आणि दर वेळी मध्यावर बसतो, त्याच्यासाठी हे बरोबर आहे. पण आपल्याला फरक नक्की किती कळतो? बाउअर आणि क्रॉस यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चांगल्या हौशी टेनिसपटूंच्या हातात वेगवेगळ्या ताणाच्या रॅकेटा दिल्या होत्या. ११ पाउंडांचा फरक असूनही बहुतेकांना तो नीट ओळखता आला नाही. आपण दुकानात मात्र २४ की २५ यावर वाद घालतो. माझा अंदाज असा की आपल्याला भूल पडते ती आवाजाची. कडक गटिंगचा तो खणखणीत ‘टण्’ कानाला सुखावतो, आणि फटका जोरदार गेला असं मन समजून चालतं. तारांत बसवायचा रबरी डँपनरही एवढंच करतो. तारांची गुणगुण थांबवतो, चौकटीतून हाताकडे जाणारी कंपनं फारशी कमी करत नाही.

याचा अर्थ चौकट गौण आहे असा नाही. हॉवर्ड हेड यांनी १९७६ मध्ये प्रिन्सची ११० चौरस इंचांची रॅकेट बाजारात आणली आणि सामान्य खेळाडूला चुकलेल्या फटक्याची माफी मिळाली. ग्रिप जाड झाली तर मनगट अडतं, वजन झेपेना झालं तर टायमिंग जातं. बॅडमिंटनमध्ये ८० ते ८४ ग्रॅमची, डोक्याकडे फार जड नसलेली रॅकेट बहुतेकांना पुरते. पण या मर्यादेत आल्यावर पाच हजारांच्या आणि पंधरा हजारांच्या चौकटीतला फरक हौशी खेळात जेमतेम जाणवतो. तीन वर्षांची मेलेली तार आणि ताजी तार यांतला फरक पहिल्या रॅलीत जाणवतो. आणि पाउंडांचं म्हणाल तर, मूळ सांगलीच्या नंदू नाटेकरांनी १९५६ साली मलायात सेलांगोरची आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकली तो काळ लाकडी चौकटींचा. आजचे २८-३० पाउंड त्या चौकटींना सोसलेच नसते. नाटेकरांच्या मनगटाची नजाकत पाउंडांतून आली नव्हती.

गटिंग होताना एकदा उभं राहून बघावं. चौकट मशीनवर सहा ठिकाणी घट्ट धरलेली असते. तार मधल्या दोन छिद्रांतून ओवली जाते आणि उभ्या तारा मधून बाहेर, एक डावी एक उजवी, अशा समतोलाने ओढल्या जातात. बॅडमिंटनच्या २२ उभ्या तारा, प्रत्येकीवर २२ पाउंड म्हणजे सुमारे १० किलो. नव्वद ग्रॅमही नसलेली चौकट दोन क्विंटलांहून जास्त ओढ सोसत असते. या टप्प्यावर चौकट उभ्या अंगाने दबलेली असते, आडव्या तारा भरल्या की तिचा आकार परत येतो, म्हणून चांगला गटिंगवाला काम अर्धवट टाकून चहाला जात नाही. आडवी तार एकीवरून, एकीखालून जाते. त्याची बोटं न बघता पुढचं टोक वर खेचतात, दुसरा हात तारेला हलकेच कमानीत फिरवत ओढतो, म्हणजे आधीची तार घासून जळत नाही. मशीन ठरल्या ताणाला पोचलं की क्लँप बसतो. शेवटी तो नखांनी एकेक आडवी तार सरळ करतो, तळहाताने पृष्ठ दाबून बघतो. हाच गटिंगवाला तुटकी तार पाहून, ती कडेला तुटली की मध्यावर, यावरून खेळाडूचा फटका ओळखतो. एवढ्या जाणकार माणसाशी आपण फक्त आकडा बोलतो, याची मला खंत वाटते.

दुखण्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. सचिनच्या २००४ सालच्या दुखापतीनंतर ‘टेनिस एल्बो’ आपल्याकडे घरोघरी ठाऊक झाला. त्याचं सगळं खापर तारेवर फोडणं चूक आहे. चुकीचा बॅकहँड आणि विश्रांतीशिवायचा खेळ ही मोठी कारणं. पण ताठ चौकट, ताठ पॉलिएस्टर आणि चढा ताण हे तिन्ही एकत्र आले की दुखऱ्या कोपराला सवलत उरत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना केवळ टीव्हीवरचा खेळाडू वापरतो म्हणून पॉलिएस्टर घालून देणं मला अजिबात पटत नाही. ते सहजी तुटत नाही, पण ताण झपाट्याने सोडतं, आणि तुटेपर्यंत पोरं त्या निर्जीव तारेवरच खेळत राहतात. त्यांना मऊ, अनेक धाग्यांची नायलॉनची तार द्यावी. आतड्याची तार सर्वांत मऊ, पण ती महाग आणि ओलीची वैरीण, कोकणातल्या किंवा मुंबईतल्या पावसाळ्यात तिचा आग्रह धरू नये.

तेव्हा पुढच्या खेपेला तार तुटली की रॅकेट तशीच ठेवून देऊ नका. ताण एकांगी राहिला तर चौकट वाकते, म्हणून बाकीच्या तारा मधून बाहेर लगेच कापा, पण तुटली कुठे हे लक्षात ठेवा आणि रॅकेट गटिंगला देताना सांगा. आठवड्यातून किती वेळा खेळता, एकेरी की दुहेरी, खांदा किंवा कोपर कुरकुरतं का, हेही सांगा. मग आत्ता आहे त्याहून दोन पाउंड कमी मागा आणि महिनाभर त्यावर खेळा. शटल सारखं मागच्या रेषेबाहेर जायला लागलं, तर एक पाउंड वाढवून घ्या.